जॉन कुणाचा?
नातीच्या शाळेनं वंशवृक्ष मागवला आणि घरातला एकमेव रिकामा माणूस म्हणून जावयाकडची फांदी माझ्या गळ्यात आली. आईकडची बाजू मी चहा निवायच्या आत लिहून दिली. जावयाचे पूर्वज मात्र इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे, तांब्याच्या खाणीतले, तिथून ऑस्ट्रेलियात आलेले. त्यामुळे ॲडलेडहून साधारण 165 किलोमीटरवरचं मुंटा गाठलं आणि जुनी दफ्तरं जपणाऱ्या एका खोलीत शिरलो.

टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. प्रिंटर सकाळपासून कागद खातोय."

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. प्रिंटरशी माझा संबंध शिपायामार्फत येई. पण बाईंच्या लेखी माझ्या कपाळावर मेकॅनिक असंच कोरलेलं होतं. पूर्वज शोधायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कॉर्निश पूर्वज? तुमचे?"

"जावयाचे."

"मग जावई कुठाय?"

जावई कामावर होता. जावई नेहमीच कामावर असतो. बाईंनी माझं पेन काढून घेतलं, जुन्या कागदांजवळ शाई चालत नाही म्हणून, आणि करंगळीएवढी पेन्सिल हातावर ठेवली. आमच्या त्र्यंबकेश्वरला गाव-आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही काढून आजा-पणजा घडाघडा वाचून दाखवतात. दक्षिणा घेतात, पण पेन हिसकावत नाहीत.

त्यात या लोकांकडे नावांचा दुष्काळ. मुलगे जॉन, विल्यम, थॉमस, नाहीतर रिचर्ड. मुली मेरी, एलिझाबेथ, ग्रेस. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या बाळाला. धंद्याच्या रकान्यात सगळीकडे 'खाणकामगार'. तरी आमचा जॉन मी धरला. कॉर्नवॉलमधल्या ग्वेनॅपचा, बायको ग्रेस, 1875 मध्ये मुंट्याला वारला, वय 58.

"तो माझा," बाई म्हणाल्या.

त्यांनी कपाटातून वीटभर जाडीची फाईल आणून आपटली. "माझे खापरपणजोबा. पण तुमचा जॉन वेगळा. माझा 1841 च्या जनगणनेत वीस वर्षांचा आहे. म्हणजे 1875 ला 54. तुमचा 58 चा होऊन मेला."

"ग्वेनॅपचाच ना?"

"ग्वेनॅपमध्ये जॉन पुष्कळ."

"बायको ग्रेस?"

"ग्रेसही पुष्कळ."

"दोघांचं जहाजही एकच?"

"जहाज मोठं होतं."

आता सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेल्या माणसापुढे कागदाची गोष्ट करायची म्हणजे काय! त्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली उतरवायचं असा नियम होता. चोवीस वर्षांचा माणूस वीसचा लिहायचा. मी तसं म्हटलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नियम आहे."

"इंग्लंडचा नियम तुम्हाला कसा माहीत?"

दीडशे वर्षं राज्य केलंत की हो आमच्यावर, असं ओठांवर आलं होतं, पण पेन त्यांच्या ताब्यात होतं.

हा जॉन बिचारा बटाटे कुजले आणि पोट भरेना म्हणून बोटीत बसून इकडे आला. आधी बुर्रा नावाच्या गावी, तिथं 1845 मध्ये तांबं सापडलं होतं. घरं नाहीत म्हणून ओढ्याच्या काठात बिळं कोरून माणसं राहायची. 1851 च्या पुरात ती बिळंही बुडाली. मग 1861 मध्ये मुंट्यात तांबं निघालं. पॅट्रिक रायन नावाच्या मेंढपाळाला ते वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या बिळापाशी दिसलं, असं सांगतात. वॉम्बॅटची वंशावळ शाळेनं मागवलेली नाही, हे नशीबच.

जॉन शोधताना मधली पानं नाइलाजानं वाचावी लागली. मुंट्यात गोड्या पाण्याची बोंब, खाणीभोवती झोपड्यांची दाटी, त्यात टायफॉईड. वय सहा महिने. वय दीड वर्ष. त्याखाली पुन्हा सहा महिने. त्यात आमच्या जॉनचे दोन विल्यम, एकापाठोपाठ एक. बाईंच्या फाईलमध्ये कॅप्टन हॅन्कॉकवर, म्हणजे 1864 ते 1898 खाणीचा कारभार पाहिलेल्या साहेबांवर, अख्खा विभाग होता. फोटोंसकट. बाईंच्या खापरपणजोबाशी साहेबांचा संबंध एवढाच की तो साहेबांच्या खाणीत मजूर होता. दोन्ही विल्यमना मिळून एक ओळसुद्धा नव्हती. विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांचा वंश पुढे चालला नाही ना." एवढं म्हणून त्या झेरॉक्सचे पैसे मोजू लागल्या. माझं डोकं तापलं.

तरी चोवीसचा वीस त्यांना मान्य करावाच लागला. मी मिशीत हसत घरी आलो आणि विजयाची हकीकत जावयाला रंगवून सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकली आणि फोन उचलला.

"बाबा, जॉन एकच असेल तर त्या माझ्या नातेवाईक झाल्या!"

शनिवारी बाई आमच्याकडे जेवायला येताहेत. जावयाकडचं माणूस प्रथमच घरी येतंय, तेव्हा मुलीचा बाप म्हणून गाडीपाशी जाऊन त्यांना मानानं आत आणायचं काम माझ्याकडे, असं बायकोनं जाहीर केलंय. ती पुरणाला डाळ भिजत घालतेय, आणि साडी द्यावी की नुसता ब्लाउजपीस, हे मला विचारतेय.