बवेर् यांना सस्नेह

मराठी भाषा गौरव दिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आमच्या खराडीच्या ऑफिसात माझा सत्कार झाला. दहा वर्षांच्या अखंड सेवेबद्दल क्रिस्टलची ट्रॉफी. तिच्यावर माझं आडनाव ‘बवेर्’ असं कोरलंय. मी बर्वे.

सुरुवात नेहमीसारखीच. एचआरमधली मुलगी म्हणाली, “सर, यंदा सगळं मराठीत करायचंय आणि तुमचं मराठी छान आहे.” ऑफिसात कुणी आपली स्तुती केली की पाठोपाठ काम येतं, हे कळायला दहा वर्षं पुरायला हवी होती. सहा ट्रॉफ्या, बजेट बेताचं, मुदत चार दिवस. गेलो.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात दुकान. “क्रिस्टल दाखवा,” मी म्हणालो.

“क्रिस्टल नाही. काच म्हणा.”

हे दुकानदार बोलला नव्हता. शेजारच्या स्टुलावर एक आजोबा बसले होते. भर दुपारी अंगात स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेची ढाल घ्यायला आले होते आणि ढाल तयार व्हायला अजून तासभर होता. म्हणजे तो तास माझा.

“स्फटिकात अणू शिस्तीत बसलेले असतात. काचेत ते दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर माणसं असतात तसे. हिला क्रिस्टल म्हणणं म्हणजे वडापावला पक्वान्न म्हणणं.”

“काका, तसं म्हणतात,” दुकानदार म्हणाला.

“शिसं घातलं तर म्हणतात! जड होते, चकाकते. रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या इंग्रजानं पेटंट घेतलं. साल सांगा.”

मी गप्प.

“सोळाशे चौऱ्याहत्तर! इकडे राज्याभिषेक होत होता आणि तिकडे तो भट्टीशी बसला होता. तुमच्या ह्यात किती टक्के शिसं? युरोपात चोवीस टक्के ऑक्साइड असल्याशिवाय लेड क्रिस्टल म्हणू देत नाहीत.”

“शिसं नाहीच काका. के नाइन आहे.”

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात दुर्बिणींच्या काचा तपासण्यात गेली होती. के नाइन म्हणजे मुळात लेन्सची काच, म्हणजे जवळजवळ घरचीच. त्यांनी नमुन्याची ट्रॉफी उचलली, डोळ्यापाशी धरून तिच्यातून मला बघितलं आणि माझ्या हातात दिली. “गालाला लावा.”

“काय?”

“लावा हो. गार लागली तर काच, कोमट लागली तर ॲक्रिलिक.”

मी लावली. बोळातून जाणारी एक बाई थांबून बघू लागली. ट्रॉफी गार लागली, एवढं मान्य करतो.

मग कोरायचं कसं, यावर अर्धा तास. वाळूच्या फवाऱ्यानं कोरलेलं बोटाला लागतं आणि त्यात रंग भरता येतो. लेझरनं वरचेवर केलेलं नुसतं पांढरट दिसतं. तिसरा प्रकार काचेच्या पोटात लेझरचे बारीक ठिपके पाडून चित्र काढण्याचा. “म्हणजे आत मुद्दाम तडे पाडायचे आणि वर जास्त पैसे घ्यायचे,” आजोबा म्हणाले. वर्णन चुकीचं नव्हतं, पण दुकानदार दुखावला. शेवटी वाळू आणि काळा रंग ठरलं. माथ्यावर काचेचा पृथ्वीचा गोल असलेलं मॉडेल मला आवडलं. “गोल नको,” आजोबा म्हणाले. “ऊन गोळा करतो. पडदा जाळाल.” इतक्या सल्ल्यांनंतर एक तरी निर्णय माझा असावा म्हणून मी हट्टानं गोलच घेतला.

प्रूफ स्क्रीनवर आलं आणि आजोबा स्टूल ओढत पुढे. “उत्कृष्ठ? ठ? कुणी लिहिलं हे?”

“ऑफिसमधून आलंय,” मी म्हणालो. फाइल मीच टाइप केली होती.

सहाही नावं त्यांनी वेलांटीपर्यंत तपासली, आणि तेवढ्यात एचआरचा फोन. “सर, अजून एक वाढवा ना. दहा वर्षंवालं. तुमचंच आहे! पण स्टेजवर सरप्राइज द्यायचंय हं, चेहरा तसा ठेवा.”

मी हळूच दुकानदाराला नाव व्हॉट्सॲप केलं.

“हे बर्वे कोण?” आजोबांनी स्क्रीन वाचली.

“आहेत एक.”

“काय केलं त्यांनी?”

“दहा वर्षं नोकरी.”

“म्हणजे काही केलं नाही. मी चौतीस वर्षं केली. घड्याळ दिलं होतं. घरी नेईपर्यंत बंद.”

यानंतर स्वतःच्या नावाचं प्रूफ मागायला जीभ रेटेना. “हे तेवढं जुन्या फॉन्टमध्ये टाकून घेतो,” दुकानदार म्हणाला, मी मान डोलावली. त्या फॉन्टबदलात ‘र्वे’चा रफार डोक्यावरून निसटून शेवटी जाऊन बसला. एके काळी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर ‘वर्षे’चं ‘वषेर्’ व्हायचं, तोच आजार. आपण हसायचो.

एकेक ट्रॉफी दीड किलोच्या वर. सात नग स्कूटरवर पायांत ठेवून नगर रोडचे खड्डे चुकवत आणले. आणल्यावर खोकी उघडायची अंगात ताकद नव्हती. स्टेजवर वाचलं. माझ्या चेहऱ्यावर सरप्राइज होतंच, ठेवावं लागलं नाही.

दुकानदार म्हणतो, कोरलेलं पुसता येत नाही. समोरची बाजू घासून, पॉलिश करून पुन्हा कोरता येईल, पण काच पातळ होईल आणि खर्च जवळपास नव्या ट्रॉफीएवढा. एचआर म्हणते, यंदाचं बजेट संपलं, पंधरा वर्षांच्या वेळी नीट करू. पगारवाढीचं विचारलं की हेच बजेट संपलेलं असतं. शेजारच्या टेबलावरचे मला जर्मन थाटात ‘हेर बवेर्’ म्हणतात आणि स्वतःच हसतात.

वर या काचेची बडदास्त ठेवायची. गोल धरून उचलायची नाही, जोड चिकटवलेला असतो. कढत पाणी नको, तडकते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. काच पुसायचा फवारा अक्षरांवर नको, रंग सुटतो. एवढी काळजी ऑफिसनं माझी कधी घेतली नाही.

मी मुद्दाम फवारा मारला. दोनदा. ‘सस्नेह’ फिकट झालं. ‘बवेर्’ अजून काळंभोर आहे.

परवा बायकोनं ट्रॉफी पूर्वेच्या खिडकीत पडद्याला लागून ठेवली. रविवारी सकाळी तिनं हाक मारली. पडद्यावर मोहरीएवढा तपकिरी डाग पडला होता आणि मधोमध भोक.

“गोल कुणी निवडला होता?” ती म्हणाली.

“ऑफिसमधून आलंय,” मी म्हणालो.