पाच तारे, चार तारे आणि तुमची 2010 ची सिटी

नमस्कार बाब,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख वाचून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत निभावून नेत नाही. होंडा सिटी हायब्रिडवरच्या (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी) माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप तीन. 'पाच तारे' लिहून मी वाचकांना फसवलं, कारण गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने चारच दिले. फ्युएल पंपाच्या रिकॉलवर, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या त्यावर, चकार शब्द काढला नाही. आणि डिकीजवळच्या बॅटरीवर मागून ट्रक आदळला तर काय, हे मला विचारावंसंही वाटलं नाही.

पहिल्यात अर्धी चूक माझी. तारे कोणी दिले ते लिहायला हवं होतं. पाच तारे आसियान एनकॅप या आग्नेय आशियातल्या तशाच संस्थेचे, पाचव्या पिढीच्या सिटीला. आणि आदळलेली गाडी आग्नेय आशियातली, आपल्याकडे बनलेली नव्हे. तुमचे चार तारे 2022 मधले, पण ते चौथ्या पिढीच्या सिटीचे. नाव तेच, सांगाडा वेगळा. तेव्हा शोरूममध्ये दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असायच्या, त्यामुळे गोंधळ होणारच. त्या चाचणीत गाडी ताशी 64 किलोमीटरने समोरून आदळवली, तीही पूर्ण तोंडावर नाही, चाळीस टक्के भागावर. बाजूची धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) ग्लोबल एनकॅपने सरसकट प्रत्येक गाडीच्या ताऱ्यांच्या हिशेबात धरले ते त्या वर्षीच्या जुलैनंतर. तेव्हा माझे पाच आणि तुमचे चार एका तराजूत घालता येत नाहीत. हायब्रिड तर साध्या सिटीपेक्षा शंभर किलोंहून जड. पेट्रोल गाडीचे तारे तिला चिकटवताना निदान तेवढं तरी मी सांगायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

रिकॉलचं मात्र मला पटत नाही. होंडाने भारतात फ्युएल पंपासाठी जून 2020 मध्ये 65,651 आणि एप्रिल 2021 मध्ये 77,954 गाड्या बोलावल्या, 2024 मध्ये आणखी नव्वद हजारांच्या आसपास. पंपातलं इम्पेलर (पेट्रोल पुढे ढकलणारं चाक) सदोष; चालता चालता इंजिन बंद पडू शकतं. चोर्ला घाटाच्या चढावर मागे खडीचा टिप्पर असताना ते झालं तर काय, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण हायब्रिड बाजारात आली मे 2022 मध्ये, आणि या गाड्या सगळ्या त्याआधीच्या. म्हणून लिहिलं नव्हतं, लपवलं नव्हतं.

'ज्या कंपनीला लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागतात तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा' असं तुम्ही विचारता. टोयोटा कॅमरी घ्या. अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत तिला पाच तारे, आणि डिसेंबर 2023 मध्ये तिकडे टोयोटाने सुमारे दहा लाख गाड्या बोलावल्या त्यात 2020-21 ची कॅमरी हायब्रिडही होती. पुढच्या सीटवर कोण बसलंय हे ओळखणारा सेन्सर शॉर्ट झाला तर एअरबॅग उघडायला हवी तेव्हा उघडणार नाही, अशी भीती. तारे सांगतात की सगळं जागेवर असलं तर गाडी मार कसा झेलते. जागेवर काय नाही ते रिकॉल सांगतो. मला तर कधीच रिकॉल न करणाऱ्या कंपनीची जास्त धास्ती वाटते. आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडासकट.

खरा घोळ होतो तो रिकॉलचं पत्र मालकापर्यंत पोचण्यात. माझ्या मेहुण्याने म्हापशात सेकंडहँड सेडान घेतली (कंपनी कुठली ते राहू दे). भर जूनमध्ये, पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात मोबाइलचा टॉर्च धरून त्याने काचेखालचा चासी नंबर मला वाचून दाखवला, सतरा अक्षरं. आठ आणि बी मध्ये तीनदा गफलत झाली. कंपनीच्या रिकॉलच्या साइटवर टाकला तर खिडकीच्या स्विचचं काम चार वर्षं बाकी! कंपनीचं पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या वास्कोच्या पत्त्यावर, आणि तो माणूस कधीच मस्कतला गेलेला. काम फुकटात, अर्ध्या तासात झालं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. तारे ठरवणाऱ्या या चाचण्यांत मागून गाडी ठोकतच नाहीत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताऱ्यांत नाही, हे मान्य. धडकेची जाणीव झाली की हाय-व्होल्टेज जोडणी आपोआप तोडायची, अशी हायब्रिडची रचना असते. आणि हाय-व्होल्टेजच्या नारिंगी वायरला गावच्या मेकॅनिकने हात लावू नये. मला जास्त खुपते ती डिकी: 506 लिटरची 306 झाली. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) सामान आणि घरची माणसं एका खेपेत नेऊन दाखवा.

आता तुमचं शेवटचं वाक्य: 'माझी 2010 ची सिटी बघा, पंधरा वर्षांत काही झालं नाही.' बाब, इथे मी थांबलो. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्मा आणि दमट हवा खाऊन ते बिघडतं, मग भसकन पेटतं आणि इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. अमेरिकेत असे सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर बोलावले गेले, आणि आधी नंबर लागला फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यांचा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. होंडाने भारतात 2016 मध्ये याच कारणासाठी बोलावलेल्या गाड्यांत 2008 ते 2011 च्या सिटी होत्या. तुमची त्यात असेल किंवा नसेल. बदलून झालंही असेल. आरसी बुक काढा, चासी नंबर होंडाच्या रिकॉलच्या पानावर टाका, आणि काय आलं ते इथेच खाली लिहा. तोवर पुढच्या सीटवर वहिनींना बसवू नका.