सावकाश वाचलेलं सोपं नसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जर्मन शिकण्याच्या साधनांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. ए२ पातळीसाठी (ए१ ही भाषेची सुरुवातीची पातळी, मग ए२, बी१, बी२ अशा वरच्या) मी सुचवलेल्या डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या तुम्हाला तिसऱ्या वाक्यातच सोडाव्या लागल्या. ‘अ‍ॅपने भाषा येत नाही’ असं लिहून मी रोज नेमाने अ‍ॅप वापरणाऱ्यांना कमी लेखलं. आणि बहुतेक साधनं इंग्रजीतून असताना मराठी माणसाने काय करावं, याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

पहिली तक्रार पूर्ण मान्य. चूक माझी आहे, आणि ती नुसती पातळी चुकल्याची नाही. त्या बातम्यांचा वाचण्याचा वेग कमी असतो, भाषा मात्र नेहमीच्या बातम्यांचीच राहते. ‘तो आजारी आहे’ हे जर्मनमध्ये ‘एर इस्ट क्रांक’. पण ‘तो आजारी असल्याचं कुणीतरी सांगितलं’ असं बातमीत यायचं असेल, तर ‘इस्ट’च्या जागी ‘झाय’ येतं. दुसऱ्याचं म्हणणं सांगण्यासाठीचं हे वेगळं रूप बातम्यांमध्ये पावलोपावली भेटतं आणि ए२च्या पुस्तकात नसतं. न शिकलेली रचना कितीही हळू ऐकली तरी कळणार नाही. तुम्ही कमी पडला नाहीत, मी चुकीचं साधन हातात दिलं.

तुमच्या पातळीला डॉइचे वेलेचाच ‘निकोस वेग’ हा मोफत अभ्यासक्रम घ्या. एकाच गोष्टीचे छोटे व्हिडिओ आणि त्यांवरचे स्वाध्याय, ए१पासून बी१पर्यंत. बातम्याच हव्या असतील तर डॉइचलांडफुंक ही रेडिओसंस्था आठवड्याच्या बातम्या सोप्या भाषेत देते, कठीण शब्दांचे अर्थही सोबत असतात. ‘टागेसशाऊ’ या जर्मन टीव्हीवरच्या बातमीपत्रानेही २०२४पासून सोप्या भाषेतली आवृत्ती सुरू केली आहे. त्यात वाक्यंच लहान केलेली असतात. बी१ जवळ आली की तिकडे वळा. सावकाश वाचलेल्या बातम्या बी२साठी राखून ठेवा, तिथे त्या खरोखर उपयोगी आहेत.

अ‍ॅपबद्दल मात्र माझं मत कायम आहे, फक्त ते फार तुटकपणे लिहिलं गेलं. रोज पंधरा मिनिटं भाषेपाशी बसण्याची सवय लागणं ही मोठी गोष्ट आहे, ती सोडू नका. प्रश्न असा आहे की समोर दिलेल्या चार शब्दांतून बरोबर शब्द ओळखणं आणि कोऱ्या कागदावर तो आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ग्योथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. त्यातल्या लेखन-संभाषणात कुणी पर्याय देत नाही. आज एक करून पाहा: अ‍ॅप बंद करा आणि काल दिवसभरात काय केलं त्याची पाच वाक्यं लिहा. लिहिता आली तर अ‍ॅप तुमच्यासाठी पुरेसं काम करतंय, आणि मी माझा शब्द मागे घेतो. अडलात तर शब्द कुठे अडला की रचना, हे लगेच दिसेल. शब्दांसाठी ग्योथे इन्स्टिट्यूटच्या मोफत याद्या आहेत: ए१ला साधारण ६५०, बी१ला साधारण २,४००, बहुतेकांना उदाहरणाचं वाक्य जोडलेलं. त्या याद्या मी पाठ करायला सांगत नाही. उजवी बाजू झाकून स्वतःचं वाक्य करता येतं का, हे तपासायला त्या उत्तम.

आता तिसरा मुद्दा. यावर मी आधीच लिहायला हवं होतं, कारण इंग्रजीतून जर्मन शिकताना आपण हातातला ठेवा बाजूला ठेवतो. ‘मिअर इस्ट काल्ट’ समजावताना इंग्रजी पुस्तकाला अर्धं पान लागतं. आपल्याला एक ओळ पुरते: ‘मला थंडी वाजते’, ‘मी’ नव्हे, ‘मला’. ‘दास बूख गेफेल्ट मिअर’ म्हणजे ‘ते पुस्तक मला आवडतं’, रचना थेट तीच. ‘आइन-उंट-झ्वान्त्सिश’ (शब्दशः ‘एक-आणि-वीस’) ऐकून इंग्रजीभाषक गोंधळतो, पण आपण ‘एकवीस’ म्हणताना एकच आधी घेतो. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. ती जुळतीलच असं मात्र नाही, म्हणून नाम नेहमी डेअर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग) किंवा दास (नपुंसकलिंग) लावूनच लिहून ठेवा.

मराठी जिथे फसवते तेही माहीत हवं. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत आहे’, दोन्हीकडे आपलं ‘शाळेत’ तेच. जर्मनमध्ये जाण्यासाठी ‘इन डी शूले’, असण्यासाठी ‘इन डेअर शूले’. इथे मराठी कान काहीच इशारा देत नाही, त्यामुळे या एका जागेसाठी व्याकरणाचं कुठलंही चांगलं स्वाध्यायपुस्तक घ्या आणि हात बसेपर्यंत लिहीत राहा. तसंच आपण निर्णय ‘घेतो’, म्हणून तिकडेही घेण्याचंच क्रियापद तोंडात येतं. जर्मन माणूस निर्णयासाठी ‘ट्रेफन’ वापरतो, ज्याचा एरवीचा अर्थ भेटणं. अशा जोड्यांसाठी बी२नंतर ‘डीडब्ल्यूडीएस’ हा मोफत जर्मन कोश उघडा, कुठल्या नामाबरोबर कुठलं क्रियापद येतं ते तो दाखवतो. नामाचं लिंग आणि अनेकवचन पाहायला ‘डूडेन’ हा कोश पुरे.

म्हणून इंग्रजीतलं साधन वापरा, पण वहीत तिसरा रकाना मराठीचा ठेवा, आणि त्यात अर्थाऐवजी रचना लिहा: जुळते की फसवते.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर एक सूचना: १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधी छापलेल्या पुस्तकांत ‘की’ या अर्थाचा ‘दास’ (तेव्हा daß, आता dass; नामाआधीचं ‘दास’ नव्हे) यासारखे काही शब्द आजच्यापेक्षा वेगळे लिहिलेले दिसतील. व्याकरण त्यातलं बिनधास्त घ्या, स्पेलिंग नव्या कोशातून तपासा.

मूळ लेखातला ए२चा परिच्छेद आज बदलतो आहे. ती पाच वाक्यं लिहिलीत तर इथेच खाली टाका, चुकांसकट. मी प्रत्येक वाक्य वाचून उत्तर देईन.