गोठ्यातल्या डासाचे काय?
मलेरिया रोखण्यासाठी माणसांना आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची गोळी द्यावी, असे सुचवणारा लेख वाचला. ही गोळी घेतलेल्या माणसाचे रक्त पिऊन डास मरतो, हे त्यात नेमके मांडले आहे. केनियातील क्वालेमध्ये ५ ते १५ वर्षांच्या मुलांमधील मलेरियाचा संसर्ग त्यामुळे २६ टक्क्यांनी घटला हेही खरे, परंतु हा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल, हे विधान पटले नाही. आपल्या खेड्यांतील मलेरियाचा प्रमुख वाहक, ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस, माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत करतो आणि दिवसा बहुधा गोठ्यातच विसावतो.

सुरगाणा-पेठकडे गोठा आणि राहती खोली यांच्यात कित्येकदा कुडाची एक भिंतच असते. तिथे गोळी केवळ माणसांना देऊन कितीसे साधणार? गोचिडांसाठी हेच औषध जनावरांना टोचतात, मात्र ते दुधात उतरत असल्याने दुभत्या गाईंना देता येत नाही. निदान बैल आणि भाकड जनावरांचा विचार लेखकाने करायला हवा होता.