कॅमेऱ्याने रुळांवरची रिक्षा हलत नाही

नमस्कार. रेल्वे फाटकावरची कोंडी सोडवायला मी दुभाजक, मोकळा रस्ता आणि पूल सुचवले. त्यावर तुमचा आक्षेप असा : फाटकात घुसणाऱ्यांना जबर दंड करा, कॅमेरे लावा; बाकी हे सगळं कशाला?

दंडाला माझा विरोध नाही. फाटक मोडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहेच. पण ठाण्याजवळच्या दिवा स्थानकासारख्या गर्दीच्या फाटकात घोळ होतो तो फाटक उघडल्यावर. बंद असताना दोन्हीकडची वाहनं रस्त्याची सगळी रुंदी अडवून उभी राहतात. दांडे वर गेले की ती समोरासमोर येतात आणि गाठ नेमकी रुळांवर बसते. त्यातल्या रिक्षावाल्याने कुठलं फाटक तोडलेलं नसतं.

इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडलेले, असलेल्या फाटकाला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. रुळांवर वाहनं अडकली की फाटक बंद होत नाही, म्हणून लोकल मागे साचतात, गेटमनवर घाईचा ताण येतो आणि उतरत्या दांड्याखालून दुचाक्या निसटतात. सिग्नल दिल्यावर त्यातली एखादी आत पडली तर? गेटमनने आधी सिग्नल लाल करायचा, मग लाल झेंडा घेऊन धावत जाऊन ६०० आणि १२०० मीटरवर रुळांना फटाके बांधायचे, म्हणजे चाकाखाली ते फुटून चालकाला इशारा मिळतो. गाडी सिग्नल ओलांडून आलेली असेल, तर ताशी १०० किमी वेगाने शेवटचा किलोमीटर ३६ सेकंदांत संपतो. तेवढ्यात ६०० मीटर कोण धावेल?

म्हणून दुभाजक हवा, दांड्यापासून मागे निदान ३० मीटर, म्हणजे समोरची लेन मोकळी राहील. पलीकडेही तेवढ्या पट्ट्यात रिक्षा स्टँड नको, हातगाड्या नकोत. हे काम मुख्यतः महापालिका आणि वाहतूक पोलिसांचं आहे, आणि पुलाच्या तुलनेत ते फार स्वस्त आहे.

दंडाने न सुटणारी आणखी एक अडचण : रुळालगत रेल्वेगाडीच्या चाकाच्या कडेसाठी सोडलेली ५१ ते ५७ मिमीची फट पावसाळ्यात चिखल-खडीने भरते; ती साफ ठेवावीच लागते. सायकलवाल्याने ती काटकोनात ओलांडावी, तिरकं गेल्यास चाक अडकतं.

पुलाच्या खर्चाचा मुद्दा तुम्ही काढलात. मुंबईत विक्रोळीला फाटकाच्या जागी बांधलेला पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला, आणि कायमचा उपाय असा पूलच आहे. मात्र पुलाचा लांबलचक चढ पायी माणूस चढत नाही. जुन्या फाटकाच्या तोंडाशीच जिना आणि लिफ्ट हवी, नाहीतर तो रूळच ओलांडणार.