‘टूल सेंटरच्या अर्धा सूत वर ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आठ-दहा दिवस झाले, ‘छोट्या लेथचे पाच सिक्रेट’ नावाचा मेसेज सगळीकडं फिरायलाय. लेथ म्हणजे रॉड फिरवत ठेवून टूलच्या धारेनं कापायचं मशीन. मला तीन ग्रुपवरून आला, वाचला अन् सोडून दिला. पण परवा परभणीहून भाच्याचा फोन आला, "मामा, टूल नुसतं किंचाळायलंय, चिपच निघंना." चिप म्हणजे कापून निघणारा धातूचा कीस. पोरानं वर्षभर पैसे साठवून सात इंची मिनी लेथ घेतलाय, घरामागच्या पत्र्याच्या शेडात बसवलाय, वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल करायचं म्हणून. टूल कसं लावलं विचारलं तर म्हणे मेसेजमधी सांगितलंय तसंच. मग मला गप बसवलं नाही.

आधी सगळ्यात चुकीचं. मेसेज म्हणतो, टूलचं टोक सेंटरच्या, म्हणजे रॉड ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिच्या, अर्धा सूत वर ठेवा, कट खोल बसतो. अर्धा सूत म्हणजे सोळांश इंच, जवळपास १.६ मिमी. आता २० मिमीचा एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, रॉड घ्या, त्रिज्या १०. टोक १.६ वर नेलं की त्या जागी रॉडची गोलाई नऊ अंशांनी कललेली असते, अन् तेवढे नऊ अंश टूलच्या पुढच्या क्लिअरन्समधून, म्हणजे धारेखालचा भाग जॉबला (कापायच्या तुकड्याला) घासू नये म्हणून ठेवलेल्या कलातून, थेट वजा होतात. क्लिअरन्स असतो किती? छोट्या लेथवर सगळे वापरतात तो सीसीएमटी इन्सर्ट, म्हणजे होल्डरवर स्क्रूनं बसवायची तयार धारेची टिकली, बघा, त्याच्या कोडमधलं दुसरं अक्षर सी, त्याचा अर्थ ७ अंश. हे माझ्या मनचं नाही, इन्सर्टच्या कोडसाठी आयएसओ १८३२ नावाचं स्टँडर्ड आहे, जगातल्या सगळ्या चांगल्या कंपन्या त्याच्यावरूनच डबीवर अक्षरं छापतात. सातातून नऊ गेले तर राहिलं काय? धार जॉबला लागतच नाही, धारेखालचं पोट घासत राहतं. १२ मिमीचा रॉड घेतला तर पंधरा अंश जातात. अन् छोट्या मशीनवर आपण बारीकच रॉड लावतो ना!

यात अर्धं खरं आहे ते पण सांगतो, नाहीतर कुणीतरी जुना टर्नर मला धरील. मोठ्या लेथवर १०० मिमीचा जॉब असला तर त्याच १.६ मिमीनं दोन अंशसुद्धा जात नाहीत, तिथं रफ कटला टूल जरा वर ठेवणारी माणसं मी पाहिलेली आहेत अन् त्यांचं काम चालायचं. बोअरिंगला तर हिशोबच उलटा, भोक आतून कापताना टोक वर गेलं की क्लिअरन्स वाढतो आणि लोडनं बार खाली वाकतो, म्हणून किंचित वर चालतं. पण मेसेजमधी ना व्यास लिहिलाय ना बोअरिंगचं नाव. सरसकट अर्धा सूत!

रविवारी परभणीला गेलो. इन्सर्टच्या धारेखाली घासून घासून आरशासारखा पट्टा पडलेला, अन् रॉडचं तोंड फेसिंग करून सपाट केलेलं त्याच्या मधोमध तीन मिमीची गुंडी तशीच उभी. टूल १.६ नं चुकलं की गुंडी त्याच्या दुप्पट जाडीची राहणार, ३.२ची, कॅलिपर लावून त्यालाच मोजायला लावलं. मग सहा इंची स्टीलची स्केल रॉड अन् टूलच्या टोकामधी हलकी धरली, मशीन बंद ठेवून. स्केलचं वरचं टोक रॉडकडं झुकलं, म्हणजे टूल वर. आपल्याकडं झुकलं असतं तर खाली. सरळ उभी राहिली की सेंटर. होल्डरखालून हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे काढले, डब्याच्या पत्र्याची एक पट्टी काढली, स्केल उभी राहिली. होल्डरखालचं हे पॅकिंग टूल पोस्टच्या, म्हणजे टूल धरणाऱ्या ठोकळ्याच्या, कडेपर्यंत पूर्ण आलं पाहिजे, अर्ध्यात राहिलं तर टूल दबतं. पुढच्या कटला चिप निघाली अन् पोराचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसरा मुद्दा, ‘होल्डर जितका जाड तितका मजबूत, १६ मिमीच घ्या’. अहो, बाहेरून टर्निंग करायच्या स्टँडर्ड होल्डरमधी टोकाची उंची शँकच्या, म्हणजे होल्डरच्या दांड्याच्या, उंचीएवढीच असते. १६ चा होल्डर म्हणजे टोक बैठकीपासून १६ वर. पॅकिंग लावून टूल वर नेता येतं, खाली न्यायचं कसं? मग लोकं शँकची खालची बाजू ग्राइंडरवर घासत बसतात. टूल पोस्टच्या बैठकीपासून सेंटरपर्यंत मोजा, त्याच्यापेक्षा कमी उंचीचा होल्डर मागवा. सात इंची मशीनवरच्या चौकोनी पोस्टला बहुतेक ८ चा बसतो, काहींवर १०.

‘टूल भरपूर बाहेर काढा, जॉब नीट दिसतो’ हे तर सोडूनच द्या. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की टूल त्याच लोडला आठपट वाकतं. चॅटर, म्हणजे कापताना टूलची थरथर, तिथूनच येतो.

‘एचएसएस आता जुनं झालं’ हेही पटत नाही. एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचं टूल. २० मिमीच्या एमएसला एचएसएसनं मिनिटाला २५ मीटरचा वेग लागतो, म्हणजे ४०० आरपीएमच्या आसपास, ते छोट्या मोटरला आरामात झेपतं आणि धार आपण घरी काढतो. कार्बाइडचे इन्सर्ट वापरा, मी पण वापरतो, पण शिकणाऱ्याच्या हातात आधी एचएसएसचा तुकडा द्या.

आता शेवटचं, अन् याच्यानं माझं डोकं खरंच फिरलं. मेसेज म्हणतो चिप गरम असते म्हणून हातमोजे घालून काम करा, अन् मशीन चालू असतानाच टूलचा अँगल जुळवा. कुणाचा तरी हात जाईल याच्यानं! मोजा चिपमधी नाहीतर रॉड धरून फिरवणाऱ्या चकमधी अडकला की हात सुटत नाही, मोज्यासकट ओढला जातो, अन् मशीन मिनी असलं तरी चकला ते कळत नसतं. मोजा नको, लांब बाही नको, गळ्यात दस्ती नको, अंगठी नको. चिप हुकानं ओढायची, ब्रशनं झाडायची, तेही मशीन थांबवून. टूल पोस्ट सैल करायचा तो चक पूर्ण थांबल्यावरच. मोजे घालायचे असतील तर रॉड उचलताना घाला, मशीन चालू करायच्या आधी काढून ठेवा. भाच्याच्या शेडात खिळ्याला मोजे टांगलेले होते, ते मी येताना पिशवीत घालून घेऊन आलो.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी निदान हातमोज्याचं तेवढं आज रात्रीच त्या माणसांना फोन करून सांगावं.