पार्कच्या आधी ड्यू बॉइस

वंश आणि स्थलांतरितांचा समाजशास्त्रीय अभ्यास शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांच्यापासून सुरू झाला, हे तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. पार्क शिकागो विद्यापीठात आले १९१४ मध्ये. कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस तर १८९६ मध्येच फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, बिऱ्हाड करून राहिले होते. दारोदार जाऊन विचारायचे: घरात माणसं किती, खोल्या किती, भाडं किती, काम काय मिळतं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना पाहणीचं काम दिलं, शिकवायला वर्ग मात्र दिला नाही! या पाहणीवरच्या १८९९ च्या ग्रंथात त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं की कृष्णवर्णीयांमधल्या गरिबी आणि गुन्हेगारीचं मूळ रक्तात नाही. गुलामगिरीचा वारसा आणि नोकरीत पदोपदी डावललं जाणं यांत आहे.

दोन समाज एकत्र आले की संपर्क, स्पर्धा, जुळवणूक, समरसता असे टप्पे येतात, हे पार्क यांचं चक्र युरोपातून आलेल्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेदाचा कायदाच आडवा असताना कृष्णवर्णीयांनी समरस व्हायचं कसं? थॉमस आणि झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी स्थलांतरित पोलिश कुटुंबांची खासगी पत्रं अभ्यासली, ते काम मात्र खरंच मोलाचं.

बाबासाहेबांनी १९४० च्या दशकात ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. पुढच्या भागात ड्यू बॉइस यांच्यावर सविस्तर लिहा, ही विनंती.